छातीवर कोण बसलं होतं?

अगं, काल रात्री अडीचला तुझा फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला. "ताई, कुणीतरी छातीवर बसलं होतं. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना." रात्री मी तुला नुसतं दिवा लाव, पाणी पी एवढंच म्हटलं. घाबरलेल्या माणसाला शास्त्र शिकवू नये. आता उजाडलंय, ऐक.

हे मलाही झालंय. बारावीच्या परीक्षेआधी, गावच्या घरी माजघरात झोपले होते. डोळे टक्क उघडे, वरचे वासे मोजता येतील इतके स्पष्ट, आणि उंबऱ्यात कुणीतरी उभं. बोटसुद्धा हलेना. सकाळी आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या आणि मला खरंच बरं वाटलं. (आजही कुणी माझी दृष्ट काढायला आलं तर मी नाही म्हणत नाही.)

स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावताना आपण पलंगावरून खाली पडलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि अंग मोकळं व्हायला काही सेकंद, क्वचित मिनिट-दोन मिनिटं लागतात. स्वप्न मात्र उघड्या डोळ्यांपुढे चालूच. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जागरणं झाली, उताणं झोपलं की जास्त होतं. तुझं सबमिशन कधी होतं गं? तेच. कॅनडात न्यूफाउंडलंडला छातीवर म्हातारी बसते म्हणतात, जपानात याला कानाशिबारी म्हणतात. लहानपणी जे ऐकलेलं असतं, तेच येऊन बसतं.

चकव्याचंही तसंच. रात्री रानात तो माणसाला फिरवून पुन्हा त्याच झाडाखाली आणतो, हे आपण आबांकडून किती वेळा ऐकलं! 2009 मध्ये यान साउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात लोकांना सरळ चालायला सांगितलं. ऊन होतं तेव्हा माणसं सरळ गेली, आभाळ भरलेलं होतं तेव्हा गोल फिरून आपलीच वाट ओलांडत राहिली.

मला खरा राग येतो तो हडळीच्या गोष्टीचा. बाळंतपणात मेलेली बाई उलट्या पावलांनी परत येते म्हणे. ती का मेली, सुईण वेळेवर आली होती का, हे कुणी विचारत नाही. जिवंत असताना हाल आणि मेल्यावर दहशतही तिचीच. मुंजा तरी पिंपळावर निवांत असतो.

आणि तुझ्या मैत्रिणीच्या त्या मावशी. भगताकडे नेते म्हणाल्या ना? अंगाऱ्यापर्यंत ठीक, पण भूत उतरवायला मिरचीची धुरी, साखळी, मारहाण हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि शेवटी त्यांचा खून झाला.

आज कुशीवर झोप, मोबाईल लांब ठेव. आठवड्यात पुन्हापुन्हा झालं किंवा दिवसा झोप आवरेना, तर डॉक्टरकडे जाऊ, मी येते सोबत. मावशींना सरळ सांग, ताई नको म्हणाली.