डोक्यातलं गाणं

अगं, काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि काळजात धस्सच झालं. तीन दिवस एकच गाणं डोक्यात फिरतंय, रात्री कूस बदलली तरी तेच. ‘ताई, मला काही झालं तर नाही ना?’ नाही गं सोने, काही झालेलं नाही. फिनलंडमध्ये 12 हजारांवर लोकांना हे विचारलं होतं, तर 10 पैकी 9 जण म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी आमचंही असं होतंच. जर्मन लोक तर याला ‘कानातला किडा’च म्हणतात.

आता मला सांग, कारखान्यात सध्या तुझ्याकडे काम कुठलं? पीतांबर रंगवायचं. सकाळपासून एकाच मापाच्या गणपतींना तोच पिवळा. हात आपसूक चालतो, मन मोकळं, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर दिवसभर तीच दहा गाणी. लग्नाआधी मी पेणला सहा सीझन काढलेत, म्हणून सांगते. रंग भरताना गाणं चिकटायचं, पण आखणीला बसले की ते कधी गेलं हे कळायचंही नाही. डोळे आखताना श्वास रोखून धरावा लागतो. बुबुळ केसभर सरकलं तरी मूर्तीची नजर बदलते. तिथं गाण्याला शिरायला फटच नसते. आयरा हायमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हेच तपासून पाहिलंय, हे मला फार नंतर कळलं. काम अगदी सोपं असलं की गाणं शिरतं, आणि डोक्यावरून जाणारं असलं, मन भरकटलं, तरी शिरतं. मन धरून ठेवेल पण दमवणार नाही, असं काम हवं.

आणि गाणंही तसंच असावं लागतं. 2016 साली आपल्याकडे वरातीवरातीत ‘झिंगाट’ वाजत होतं ना, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केली जाकुबोव्स्की आणि तिच्या सोबत्यांनी मांडलं की चिकटणारी गाणी बहुधा जलद लयीची असतात, चाल सोपी, पण मध्येच एखादी अनपेक्षित उडी.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. ओळखीचं गाणं वाजवता वाजवता मध्येच काही क्षण बंद केलं, तरी मेंदूचा ऐकण्याचा भाग चालूच राहतो. 2005 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढून हे पाहिलं. वाचलं आणि मला आपली आई आठवली. गौरीगणपती पोचवून आलो, मखर रिकामं, टाळ फडताळात, तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भाजी निवडता निवडता आई आरती गुणगुणायची. आपण हसायचो. तिला आपण गातोय हे ठाऊकच नसायचं. पाच दिवस त्या वेळेला घरात जे वाजलं, ते तिच्या आत थांबायला तयार नव्हतं. मला त्यात आजार दिसत नाही गं, माया दिसते.

तेव्हा त्या गाण्याशी भांडू नकोस. जितकं ढकलशील तितकं घट्ट बसेल. काहीतरी चघळत राहा. 2015 मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात च्युइंगम चघळणाऱ्यांना गाणं कमी छळतं असं आढळलं. मनातल्या मनात गातानाही जीभ-जबडा थोडे कामाला लागतात, ते दुसरीकडे गुंतले की गाणं अडखळतं. तुला च्युइंगम आवडत नाही, बडीशेप बघ चालते का.

एवढं मात्र लपवायचं नाही. गाणं डोक्यात नाही, बाहेरून कानावर येतंय असं वाटलं, कुणाचा रेडिओ चालू आहे का असं विचारावंसं वाटलं, किंवा आठवडेच्या आठवडे झोप उडाली, तर लगेच सांग. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.

आणि शेठना विचार, रोज तासभर तरी आखणीला बसवतील का. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. विचारायला लाजू नकोस.

रविवारी सुट्टी आहे ना? मग गाडीत बस. कासू, नागोठणे, निडी, की आलंच रोहा. ते गाणं तुला मुखड्यापुरतंच येतं, म्हणून तिथंच फिरत राहतेस. मी त्याचे दोन्ही अंतरे वहीत उतरवून ठेवलेत. जेवणं झाली की ओटीवर बसून शेवटापर्यंत म्हणू.