अकराव्या माणसाची किंमत

मी संध्याकाळी एका अडत दुकानात हिशेब लिहितो. हिशेबाची संगणकप्रणाली घेताना मालकांनी मला कन्नडमध्ये विचारले, “एष्टु जन?” म्हणजे कामाला किती जण बसणार? “नानोब्बने,” मी एकटाच, असे मी सांगून टाकले आणि एका माणसाचा स्वस्त परवाना आला. गुळाच्या हंगामात दुसरा कारकून आला, तेव्हा आम्ही दोघे एकाच संगणकापुढे पाळी लावून बसू लागलो. मोजणी माझीच चुकली होती. त्या चुकीमुळेच पुढील उदाहरण मी मुद्दाम अभ्यासले.

ॲपल कंपनी ‘मॅक ओएस टेन सर्व्हर’ या कार्यप्रणालीचे दोन परवाने विकत असे. पहिला ४९९ डॉलरचा. त्यावर एका वेळी दहाच जणांना सामायिक फायली उघडता येत. दुसरा ९९९ डॉलरचा. त्याला मर्यादा नव्हती.

आता आकडे मांडू. दहा जणांना माणशी सुमारे ५० डॉलर पडतात. अकरावा आला की त्या एकापायी ५०० डॉलरचा फरक, आणि माणशी खर्च ९१ डॉलर! तो पुन्हा ५० वर यायला वीस माणसे लागतात. म्हणजे खरी ओढाताण अकरा ते एकोणीस माणसांच्या कचेरीची.

कोणी विचारील, अकराव्यासाठी कंपनीचा जास्त खर्च तो काय झाला? जवळजवळ काहीच नाही. माल तोच, सीमांत खर्च शून्यासारखा. अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो तो मूल्यभेद हाच. मात्र या कुंपणामुळेच लहान कचेरीला निम्म्या भावात माल मिळे, हेही मान्य केले पाहिजे.

हे कुंपण कायमचे नव्हते. २००९ मध्ये अमर्याद परवानाच ४९९ डॉलरला आला. २०११ मध्ये ‘लायन’ आवृत्तीवर सर्व्हरचा भाग ४९.९९ डॉलरला मिळू लागला आणि २०२२ मध्ये तो बंदच झाला. उलट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीला आजही माणशी किंवा संगणकामागे निराळा प्रवेश-परवाना लागतो.

तात्पर्य, परवाना घेताना आजची माणसे मोजू नयेत, हंगामातली मोजावीत. आणि मर्यादा ओलांडली तर पुढची पायरी केवढ्याची, हे आधीच विचारून घ्यावे. मालकांनी पुन्हा “एष्टु जन?” विचारले, तर मी प्रथम गेल्या हंगामाची हजेरीवही काढीन.