स्वतःचा द्वेष शिकवला कुणी?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत अटलांटाला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ, वयाने बरेच मोठे, त्याला नेहमी सांगतात की आमच्या लोकांचे खरे शत्रू आम्हीच. आम्हाला आमच्याच रंगाची लाज वाटते, आमच्यात एकी नाही, स्वतःची जबाबदारी घ्यायची नाही आणि दोष मात्र गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं व्हायचं. मुलालाही आता तसंच वाटू लागलं आहे. यात तथ्य किती? आणि डॉ. आंबेडकरांचा तिथल्या एका पुढाऱ्याशी पत्रव्यवहार झाला होता म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : रंगाच्या लाजेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तक्रारी बहुतेक वेळा तिच्याच पायावर उभ्या केल्या जातात.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडपं. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या अडीचशेवर कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकाच साच्यातल्या, फरक फक्त रंगाचा. यातली छान बाहुली कोणती, वाईट कोणती, खेळायला कोणती घेशील, असे साधे प्रश्न. बहुसंख्य मुलांनी खेळायला पांढरी बाहुली उचलली, आणि वाईट कोणती म्हटल्यावर तपकिरी बाहुलीकडे बोट केलं. मग शेवटचा प्रश्न यायचा : तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे. त्यावर काही मुलं रडू लागली, काही खोलीतून निघून गेली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन’ खटल्यात शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालपत्राच्या तळटीपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचा आधार घेतला होता.

या प्रयोगातला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. निम्मी मुलं दक्षिणेतल्या आर्कान्सामधल्या, फक्त काळ्यांसाठी असलेल्या शाळांमधली होती. उरलेली उत्तरेत मॅसॅच्युसेट्समध्ये गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून शिकणारी. खेळायला पांढरी बाहुली मागण्याचं प्रमाण उत्तरेतल्या मुलांमध्येच थोडं जास्त निघालं. म्हणजे तीन वर्षांच्या पोराला ही समजूत एकट्या शाळेने दिलेली नव्हती. ती दुकानात होती, चित्रांच्या पुस्तकात होती, जाहिरातीत होती. काळ्यांच्या स्वतःच्या वर्तमानपत्रांतही कातडी उजळ करणाऱ्या मलमांच्या जाहिराती छापल्या जात.

कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तरुणपणी केस सरळ करून घेतल्याची हकिगत सांगितली आहे. कॉस्टिक सोडा, अंडी आणि बटाटे यांचं मिश्रण डोक्याला चोपडायचं. टाळू भाजून निघते, पण केस गोऱ्यांसारखे पडतात. आरशात पाहून आपण किती खूश झालो हे त्यांनी लिहिलं आणि त्या आनंदाची त्यांना पुढे शरम वाटली. मे १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सभेत त्यांनी समोरच्या माणसांना थेट विचारलं होतं की तुमच्या नाकाचा, केसांचा, कातडीचा द्वेष करायला तुम्हाला शिकवलं कुणी? काही दिवसांपूर्वीच त्या शहरात पोलिसांच्या गोळीने त्यांचा एक निःशस्त्र सहकारी मारला गेला होता. लाज आणि गोळी यांचा संबंध ते लोकांना समजावून देत होते.

हे शिकवणारे कोण, याचं उत्तर इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १७४० साली साउथ कॅरोलिनाने गुलामांना लिहायला शिकवणं दंडनीय ठरवलं. मळ्यांवर मालकाला गुलाम बाईपासून झालेली उजळ रंगाची मुलं अनेकदा घरकामाला घेतली जात आणि गडद रंगाची शेतात राबत. गुलामी १८६५ साली संपली, पण रंगाची ही उतरंड संपली नाही. काही उच्चभ्रू कृष्णवर्णीय मंडळांमध्ये खाकी कागदी पिशवी हाताशी धरून पाहत आणि कातडी पिशवीपेक्षा गडद असेल तर प्रवेश नाकारत, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. तेव्हा मुलाच्या त्या सहकाऱ्यांना जे दिसतं ते खोटं नाही. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या किरी डेव्हिस या शाळकरी मुलीने छोट्या माहितीपटासाठी बाहुल्यांचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा २१ पैकी १५ मुलांनी पांढरीच बाहुली पसंत केली.

पण यावरून ‘हा समाज स्वतःचा द्वेष करतो’ असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही, आणि अभ्यासकही नाहीत. १९७१ साली रोझेनबर्ग आणि सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांमधल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हता. त्यानंतरच्या अनेक पाहण्या एकत्र करून २००२ साली काढलेल्या निष्कर्षात तर तो सरासरीने गोऱ्यांहून थोडा अधिकच आढळला. याचं कारण सरळ आहे. मूल स्वतःची किंमत ठरवतं ते आई, आजी, चर्चमधली माणसं, गल्लीतले लोक आपल्याला कसं वागवतात त्यावरून. बाहुली निवडताना ते जगात कशाला भाव आहे हे सांगतं. स्वतःला किती मानतं हे त्यातून कळेलच असं नाही. हा फरक लक्षात न घेता एका अख्ख्या समाजाला मनोरुग्ण ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो करण्यात चांगल्या हेतूचे लोकही सामील होते.

आता एकी. ‘आमच्यात एकी नाही’ हे वाक्य प्रत्येक दबलेल्या समाजात ऐकू येतं. त्याची परीक्षा बघायची असेल तर तुमच्या मुलाने अटलांटाहून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या माँटगोमेरीचा इतिहास नीट पाहावा. २ मार्च १९५५ रोजी तिथे क्लॉडेट कॉल्विन नावाच्या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला ओढून नेलं. शहरातल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी तिचा खटला पाहिला, पण तिच्यावर चळवळ उभी करायची नाही असं ठरवलं. ती लहान होती, गरीब वस्तीतली होती, थोड्याच काळात गरोदर राहिली. आणि ती रंगाने गडद होती. आपल्याला मागे ठेवण्यात रंगाचाही वाटा होता, असं कॉल्विन यांनी पुढे स्वतः सांगितलं. नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स यांना त्याच कारणावरून अटक झाली आणि बसवरचा बहिष्कार सुरू झाला.

इथे लाज आणि एकी एकाच घटनेत, एकाच शहरात दिसतात. म्हणूनच माँटगोमेरीची गोष्ट नुसती गौरवगाथा म्हणून सांगू नये, असं मला फार वाटतं. बसच्या प्रवाशांमध्ये सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महिला मंडळाच्या वतीने एका रात्रीत हजारो पत्रकं काढली. त्यानंतर लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. धुणंभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल चालत कामाला गेल्या. सुमारे ३०० खासगी मोटारींची प्रवाससेवा उभी राहिली. तिच्या पेट्रोलचा पैसा कुठून यायचा? जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण होती. तिने शेजारणींना गोळा करून तळलेली कोंबडी, केक आणि ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली आणि दर आठवड्याच्या सभेत पैसे आणून द्यायची. ज्यांच्याकडे या बाया कामाला होत्या ते गोरे मालकही तेच केक विकत घेत. देणगीदारांची नावं फुटली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या, म्हणून हिशेबात कुणाचं नाव नसायचं. गिलमोर यांची नोकरी तरीही गेली. त्यांनी घरातच खानावळ चालवली.

आणि कॉल्विन? ज्या खटल्यामुळे १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल कायम केला, त्यातल्या चार फिर्यादींपैकी एक तीच होती. जिला चेहरा म्हणून नाकारलं, तिच्याच साक्षीवर कायदा बदलला. १९५५ च्या अटकेची तिची नोंद न्यायालयाने पुसून टाकली ती २०२१ साली.

वैयक्तिक जबाबदारीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर गैरसमज सर्वांत जास्त आहेत. बाहेरच्यांना वाटतं की या समाजाला कुणीतरी जबाबदारी शिकवायला हवी. प्रत्यक्षात ही हाक त्या समाजात सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅबसालोम जोन्स यांनी विधवा, अनाथ आणि आजारी माणसांसाठी वर्गणीचं मंडळ काढलं. १९०३ साली रिचमंडमध्ये एका धोबिणीची मुलगी, मॅगी लीना वॉकर, हिने बँक सुरू केली. दक्षिणेतल्या खेड्यांत रोझेनवाल्ड फंडाच्या मदतीने १९१२ ते १९३२ या काळात सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. फंड एका धनाढ्य ज्यू व्यापाऱ्याचा, पण त्या शाळांसाठी गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी जमवलेली रक्कम फंडाने दिलेल्या रकमेहून जास्त होती. शाळांसाठी सरकारला कर भरायचा, आणि मुलांसाठी शाळा हवी म्हणून पुन्हा पदरचे पैसे घालायचे. याहून वेगळी जबाबदारी कोणती असते?

आणि जबाबदारीने वागून जे कमावलं, त्याचं काय झालं तेही सांगायला हवं. ओक्लाहोमातल्या टुलसा शहरात ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची पेठ होती. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिच्या सुमारे ३५ ब्लॉकची (रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या गटांची) राख केली. विम्याचे दावे फेटाळले गेले.

१७ मे २००४ रोजी, ‘ब्राऊन’ निकालाच्या पन्नाशीच्या समारंभात, विनोदी नट बिल कॉस्बी यांनी गरीब कृष्णवर्णीय आईबापांना झोडपून काढलं. महागडे बूट घेता, मुलांच्या वाचनाला पैसे नाहीत, पोरांच्या भाषेकडे लक्ष नाही, असा सूर होता. पुढे त्यांच्यावरच लैंगिक अत्याचाराचे खटले झाले, पण ते बाजूला ठेवून विचार केला तरी त्या भाषणात मोठी उणीव आहे. त्यात मागच्या पिढ्यांच्या जमा-खर्चाला जागाच नव्हती. २००८ साली बराक ओबामा शिकागोच्या एका चर्चमध्ये, पितृदिनाला, मुलांना सोडून गेलेल्या बापांबद्दल बोलले. तेही टोचणारं होतं, पण ओबामा स्वतः बापाविना वाढले होते. तो बाप त्यांच्या बोलण्यात होता.

बापांविषयी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. बाप घरात नसलेल्या मुलांचं प्रमाण या समाजात जास्त आहे, हे खरं. पण अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मुलांसोबत राहणारे कृष्णवर्णीय बाप त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, अभ्यास घेणं यांत इतरांच्या बरोबरीने किंवा पुढेच दिसले. मग घरात नसलेले बाप कुठे आहेत? त्यातले कितीतरी तुरुंगात गेले. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) विकणं आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडर विकणं यांना सारखीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली. क्रॅक गरिबांच्या वस्तीत विकलं जाई, पावडर श्रीमंतांच्या. ते प्रमाण कमी व्हायला २०१० साल उजाडलं.

‘काळेच काळ्यांना मारतात’ हे वाक्यही मुलाच्या कानावर आलं असेल. खून बहुधा ओळखीचा किंवा शेजारचा माणूस करतो, आणि वस्त्या रंगाने विभागलेल्या आहेत. गोऱ्या बळींपैकीही दहातल्या सुमारे आठ जणांना गोऱ्यांनीच मारलेलं असतं. तरी आकडा भयानक आहे : लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास असलेला हा समाज खून झालेल्यांमध्ये निम्म्याच्या जवळ आहे. त्यावर सर्वांत जास्त काम त्याच वस्त्यांतल्या माणसांनी केलं आहे. फिलाडेल्फियात मुलं गमावलेल्या आयांची ‘मदर्स इन चार्ज’ ही संस्था २००३ पासून शाळांत आणि तुरुंगांत जाऊन तरुणांशी बोलते.

मुलाच्या सहकाऱ्यांना ही तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे. ती घरच्या माणसाची कळकळ आहे. तेच वाक्य तुमच्या मुलाने, बाहेरून आलेल्या आणि तो भार न उचललेल्या माणसाने, चारचौघांत उच्चारलं की ते आरोपपत्र होतं. त्याने त्यांना उलट विचारावं की तुमच्या आजी-आजोबांच्या गावात शाळा कुणी बांधली? मला खात्री आहे, ते तासभर बोलतील.

आता पत्रव्यवहार. होय, झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी लगत. जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना लिहिलं की मी निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यासक आहे, अस्पृश्यांच्या आणि त्यांच्या स्थितीत फार साम्य आहे, आणि संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाच्या प्रती मला हव्या आहेत. ३१ जुलैला ड्युबॉइस यांचं उत्तर आलं. भारतातल्या अस्पृश्यांविषयी त्यांनी सहानुभूती कळवली आणि जमेल ती मदत करण्याची तयारी दाखवली.

जबाबदारीच्या मुद्द्याकडे पुन्हा येतो. या पत्राच्या १९ वर्षं आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं कसं नेसावं, कोणते दागिने टाकून द्यावेत, घरात स्वच्छता कशी राखावी हे सांगितलं होतं. वरवर पाहता हे कॉस्बींच्या उपदेशासारखं वाटेल. पण ज्या परिषदेत ते हे बोलले, त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि चवदार तळ्याच्या हक्कासाठीचा न्यायालयातला लढा त्यांनी पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ, मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चालवला.