यंत्र ‘हिरा’ म्हणालं, तरी तो हिराच का?

प्रश्न : म्हशाची जत्रा आटोपली की माघात मुलीचा साखरपुडा आहे. कल्याणला सराफाने मोइसानाइटची अंगठी दाखवली. किंमत हिऱ्यापेक्षा फारच कमी, पण तपासणीच्या यंत्राने मात्र ‘हिरा’ दाखवलं. यात फसवणूक तर नाही ना?
— एक वाचक भगिनी, म्हसा (ता. मुरबाड)

उत्तर : ताई, घाबरू नका. मोइसानाइट हिरा नव्हे, पण काचही नव्हे. हिरा म्हणजे कार्बन. हे सिलिकॉन कार्बाइड, दागिन्यांसाठी प्रयोगशाळेत घडवलेलं. साधं यंत्र उष्णतावहन मोजतं आणि त्यात दोघे जवळपास सारखे, म्हणून ते चकतं. विद्युतवहनही तपासणारं यंत्र वापरायला सांगा. भिंगातून तिरकं पाहिलं तर मोइसानाइटच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

कठीणपणा हिऱ्याचा 10, याचा सुमारे 9.25, रोज वापरायला उत्तम. रंगीत चमक हिऱ्याहून जास्त. मोडीत मात्र हिऱ्याचा भाव मिळणार नाही.

आवडली तर खुशाल घ्या. फक्त पावतीवर ‘मोइसानाइट’ लिहून घ्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नाही. हिराच हवा असेल, तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.