एक सेंटिमीटरची माया

गेल्या मे महिन्यात आमच्या मुलीला उन्हाची टोपी हवी होती, तीही दोन्ही बाजूंनी घालता येणारी. घरात शिवणयंत्र होते, सुती कापडाचे तुकडे होते आणि वडील तर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक! मी कात्री हाती घेतली.

टोपीचे भाग तीनच. माथ्याचे वर्तुळ, त्याभोवतीची उभी पट्टी आणि सावली देणारी कड. डोक्याचा घेर ५४ सें.मी. भरला, सैलपणासाठी ५५ धरला. परिघाला ६.२८ ने भागले की त्रिज्या मिळते, ८.७५ सें.मी. तेवढ्या त्रिज्येचे भोक ठेवून मी कड कापली, काठाला पट्टीचा काठ जुळवला आणि काठापासून एक सेंटिमीटर आत टीप घातली. कडेवर चुण्याच चुण्या! आई म्हणाली, "अरे, माया बाहेरच्या बाजूला गेली की तुझी."

शिवणीसाठी जास्तीचे कापड सोडतात त्याला माया म्हणतात. जुळायला हव्यात त्या टिपेच्या रेषा, कापडाचे काठ नव्हेत. कडेवरची टीप ८.७५ नव्हे, ९.७५ सें.मी. त्रिज्येवर पडली. तिचा परीघ ६१ सें.मी. आणि पट्टी मात्र ५५ ची! त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढली की परीघ ६.२८ सेंटिमीटरने वाढतो. मग वर्तुळ टोपीचे असो वा पृथ्वीचे. विषुववृत्ताभोवती ताणून बांधलेला दोर सगळीकडे एक सेंटिमीटर वर उचलायचा म्हटले, तरी तो एवढाच वाढवावा लागेल. विश्वास बसत नसेल तर गणित करून पाहा.

तेव्हा कडेच्या भोकाला माया आतल्या बाजूला हवी, म्हणून त्रिज्या ७.७५ घ्या. माथ्याला ती बाहेर हवी, म्हणून ९.७५. कडेची रुंदी ६ सें.मी. हवी असेल, तर तिचे बाहेरचे वर्तुळ ८.७५ + ६ + १, म्हणजे १५.७५ चे. पट्टी सरळ, ५७ सें.मी. लांब आणि १० सें.मी. रुंद. हे सर्व भाग दोन रंगांत कापा. आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापून पाहिलेत तर कापड वाया जाणार नाही.

प्रत्येक रंगाची एक टोपी शिवा. भोकाच्या मायेचा काठ टिपेपेक्षा आखूड असतो, त्यामुळे टिपेच्या जरा अलीकडेपर्यंत कात्रीने लहान लहान काप दिले की तो पट्टीशी जुळण्याइतका उघडतो. मग दोन्ही टोप्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून बाहेरच्या काठावर टीप घाला. हात जाईल एवढी जागा मोकळी ठेवा. येथे उलटा प्रकार होतो. टोपी उलटवली की ही माया आत दुमडते आणि १५.७५ च्या वर्तुळाला १३.७५ च्या जागेत बसावे लागते. सुमारे साडेबारा सेंटिमीटर कापड जास्त! म्हणून येथे नुसते काप पुरत नाहीत, त्रिकोणी कात्रे काढावे लागतात. मोकळ्या जागेतून टोपी सुलट करा, इस्त्री फिरवा आणि काठाजवळून सगळीकडे टीप मारा.

आता सहा सेंटिमीटरची कड पुरते का? सूर्य क्षितिजापासून ६०° वर असेल, तर कडेखाली ६ × टॅन ६०°, म्हणजे सुमारे १०.४ सें.मी. सावली पडते, बराचसा चेहरा झाकला जातो. ३०° ला मात्र जेमतेम ३.५. संध्याकाळच्या क्रिकेटला टोपी फिरवून तिरपी का घालतात ते कळले ना?

रंगांपैकी एक पांढरा आणि एक गडद निवडा. पांढरी बाजू वर असली की बरेचसे ऊन परावर्तित होते आणि खालची गडद बाजू जमिनीवरून येणारी चकाकी डोळ्यांकडे कमी पाठवते. आमच्या मुलीला हे सारे पटले, पण ती गडद निळी बाजूच वर ठेवते.