बाहेरून दहावी देणाऱ्यांसोबत

पुण्यात मी बाहेरून दहावी देणाऱ्यांना शिकवते. बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून बसतात. त्यांच्यासोबत राहून जे उमगलं, ते असं.

१. आधी दिवस विचारावा, मग विषय. एक मुलगा सकाळपासून वडिलांच्या गॅरेजवर असायचा, एक मुलगी पहाटे आणि संध्याकाळी पोहण्याच्या सरावाला. त्याला रात्री जेवणानंतरचा तास मिळे, तिला दुपार मोकळी. दोघांचा अभ्यास तिथूनच आखला.

२. किमान पाच विषय घ्यायचे, त्यांत एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही. हे ऐकून पालक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमकं इथेच मी त्यांना थांबवते. भीतीपोटी गणित सोडणं वेगळं, पुढची वाट बघून सोडणं वेगळं. गॅरेजवरच्या मुलाला डिप्लोमा करायचा होता, म्हणून त्याचं गणित ठेवलं. सुरुवात गॅरेजच्या बिलांपासून केली: सुट्या भागांची किंमत, मजुरी, जीएसटी. टक्केवारीचा धडा उघडला तेव्हा तो त्याला ओळखीचा वाटला. बीजगणित मात्र बिलात सापडत नाही. ते वहीवर, सावकाश, पुन्हा पुन्हाच करावं लागलं. सगळंच रोजच्या जगण्यातून शिकवता येतं, हे मला पटत नाही.

३. सगळे विषय एकदम देऊ नयेत. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकूण नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. लग्नामुळे शाळा सुटलेल्या एका ताईंनी आधी मराठी आणि गृहविज्ञान दिलं. त्या दोन विषयांचा निकाल हातात आला आणि मगच त्यांनी इंग्रजीचं पुस्तक उघडलं. तोवर त्या पुस्तकाकडे बघतही नव्हत्या.

४. टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय, वेळेत जमा करावा. लेखी गुणांत त्याचा वाटा २० टक्के असतो.

५. मोकळीक हवी, पण वार ठरलेला हवा. पाच वर्षांची हीच मुदत अनेकांना बुडवते. 'ऑक्टोबरला देऊ', 'एप्रिलला देऊ' करता करता पुस्तकं माळ्यावर जातात. आठवड्यातून एकदा वही बघणारं माणूस लागतं. ते शिक्षकच असावं असं नाही. मोठी बहीण चालते, शेजारचे निवृत्त आजोबा चालतात. फॉर्म भरून, शुल्क घेऊन, पुस्तकांचा गठ्ठा देऊन मुलाला घरी धाडणारे क्लास मी पाहिले आहेत. त्याला लवचीक शिक्षण म्हणू नये. ते मुलाला वाऱ्यावर सोडणं आहे.

६. राज्य मंडळाच्या दहावीत काही विषयांत अडकलेल्या मुलाने फॉर्म भरण्याआधी एनआयओएसच्या अभ्यास केंद्रात गुणपत्रिका दाखवावी. राज्य मंडळाचे जास्तीत जास्त दोन उत्तीर्ण विषय नियमात बसत असतील तर इकडे धरले जातात. फॉर्म भरण्याच्या घाईत ही चौकशी राहून जाते.

७. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. घरकामाला येणाऱ्या ताई, दुकानातला पोरगा, तुमची स्वतःची वहिनी, कुणाची दहावी राहिली असेल तर त्यांना हे सांगा, आणि जमलं तर आठवड्याचा एक वार त्यांच्या वहीसाठी ठेवा.