शाफ्टला विचारून उंची ठरव

चि. ओंकार,


जिप्सी घेतलीस याचा मनापासून आनंद झाला. पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे अखंड हाउसिंग. हाताने शिकायला याहून चांगली गाडी नाही. तीन इंच उचलायची म्हणतोस. पाटे, शॉकअप, टायर यांची यादीही पाठवलीस. त्या यादीत प्रॉपेलर शाफ्टचं नाव कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, चॅसिसच्या मधोमध बसवलेला असतो. गिअरबॉक्सकडून एक आखूड शाफ्ट त्यात येतो आणि तिथून एक शाफ्ट पुढे, एक मागे जातो. त्यामुळे पुढचा-मागचा शाफ्टही फार लांब राहत नाही, आणि आखूड शाफ्टला उचल सोसत नाही. हिशोब करून पाहा. ६० सेंटीमीटरचा शाफ्ट १० अंशांवर असेल, तर तीन इंच उचलल्यावर तो जवळजवळ १७ अंशांवर जातो आणि पावणेदोन सेंटीमीटर लांब व्हावा लागतो. तीच उचल १२० सेंटीमीटरच्या शाफ्टला साडेतीन अंशांत भागते. म्हणून लांब चाकांतराच्या गाडीवाल्याने सांगितलेली उंची आपल्या गाडीला लावू नकोस.

कोन वाढला की नेमकं काय बिघडतं, ते नीट समजून घे. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. दर फेऱ्यात दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. १० अंशांवर हा चढउतार दीड टक्का, २० अंशांवर सहा, ३० अंशांवर पंधरा टक्क्यांच्या घरात. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात, योग्य जुळणीत असेल तर तो हे फिटवतो आणि डिफ्रन्शियलला एकसारखा वेग मिळतो. मात्र मधली नळी तरीही धक्के खातच असते. म्हणून दोन्ही कोन सारखे असणं पुरेसं नाही, ते लहानही हवेत.

गाडी सरळ वर उचलली तर पिनियन (डिफ्रन्शियलचं शाफ्ट जोडायचं टोक) आणि ट्रान्सफर केसचा शाफ्ट समांतर राहतात. इथेच बरेच जण गडबड करतात. कोन फार दिसला की पाट्याखाली पाचर घालून पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसकडे वळवतात. डोळ्यांना ते सरळ दिसतं, पण साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला ते चालत नाही. एका टोकाचा कोन संपतो, दुसऱ्या टोकाचा तसाच राहतो, आणि गाडी वेगात थरथरते. पिनियन असं वळवायचं असेल तर ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लागतो. मागे लांब शॅकल घातले तरी पिनियन आपोआप वर वळतं. ‘स्वस्तातली उचल’ म्हणून कोणी सुचवेल, तेव्हा हे आठव. पुढच्या हाउसिंगला तर पाचर घालूच नकोस. तिथे पिनियन वर वळवलं की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या खुंटीचा मागे झुकलेला कल, कमी होतो आणि स्टिअरिंग घाटात भरकटू लागतं. ट्रान्सफर केस खाली सोडण्याचा उपाय इतर गाड्यांना ठीक. आपल्याकडे तो केला की गिअरबॉक्सकडून येणाऱ्या आखूड शाफ्टचे कोन बिघडतात, आणि पोटाखालची जी जागा मिळवायला उचललं तीच जाते.

शाफ्टची लांबी चाके लटकवून तपास. चॅसिसला घोडे लावून गाडी उभी कर, चाके पूर्ण खाली येऊ देत. शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरव. योक कुठे अडतो का, खट् आवाज येतो का, स्लिपची, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या जोडाची, दातेरी किती आत उरली, हे बघ. दातेरी थोडीच आत असेल तर फ्लँजमध्ये चकती घाल किंवा चांगल्या लेथवाल्याकडून नळी वाढवून बॅलन्स करून घे. चकतीने लांबी भरते, कोन तसाच राहतो. योक अडत असेल तर हाउसिंगला पट्टा लाव, म्हणजे ते अडण्याइतकं खाली लटकणार नाही. पाटे पूर्ण दाबल्यावर स्लिप तळाला टेकत नाही, हेही बघ. स्लिप उघडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची खूण कर. एका दात्याने चुकून बसला तरी जुळणी गेली.

पावसाळ्यात ओढे ओलांडलेस की क्रॉसला ग्रीस भर. वाटीभोवती तांबूस पूड दिसली, चीं-चीं आवाज आला, तर तो क्रॉस गेला समज. पुढचा शाफ्ट पुढच्या टोकाने सुटून जमिनीत रुतला तर गाडी उलटू शकते. तू आईला, मित्रांना घेऊन फिरणार आहेस, म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ही वाच. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल चालत नाही; आरटीओत विचारून घे, विमा कंपनीलाही कळव.

माझं मत विचारशील तर दोन इंचांवर थांब. तरी आधी गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करून पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टची लांबी, दोन्ही टोकांचे कोन आणि चाके लटकवल्यावर आत उरलेली दातेरी मोजून मला पाठव. पाट्यांचे पैसे त्यानंतर भर.

तुझा,
मामा